मेथीच्या हाताने लेट्यूस लावू नये

वाचकांचं पत्र

नमस्कार मावशी,

मी कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहते. गॅलरी पश्चिमेला. मेथी, कोथिंबीर, पुदिना, मिरच्या असं सगळं कुंड्यांत बऱ्यापैकी येतं, म्हणून यंदा लेकीच्या हट्टापायी लेट्यूसचा घाट घातला. गणपती झाल्यावर पहिलं पाकीट पेरलं. मेथीला करते तसंच केलं: बोटाने पेरभर खोल रेघ मारली, बी टाकलं, वरून माती ओढली, रोज पाणी घातलं. पंधरा दिवस झाले तरी एक कोंब नाही.

ऑक्टोबरात दुसरं पाकीट आणलं. या खेपेला ट्रे हॉलमध्ये खिडकीपासून जरा आत ठेवला. उगवलं भरपूर, पण रोपं दोऱ्यासारखी लांबली. एके सकाळी बघते तर निम्मी आडवी, बुडाशी चिमटल्यासारखी. उरलेली दोन दिवसांत गेली.

मग दिवाळीच्या सुमारास नर्सरीतून तयार रोपं आणली. हिरवा कुरळ्या पानांचा, लाल आणि आइसबर्ग. ती जगली. शेजारचे काका म्हणाले म्हणून दर आठवड्याला चिमूटभर युरिया घालते, जीवामृत पानांवर फवारते, अंड्याची टरफलं चुरून टाकते. पानं मोठी झाली खरी, पण आतल्या कोवळ्या पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी होतायत. आइसबर्ग गड्डा धरायचं नाव घेत नाही. लाल लेट्यूस हिरवट पडलाय. हिरव्याची पानं कडूजहर, आणि त्यातली दोन रोपं मधूनच उंच चाललीत. पानांमागे मावाही दिसतो.

सासूबाई बार्शीच्या. म्हणतात, "त्या साहेबाच्या पाल्यापेक्षा मेथी लाव, निदान भाजी तरी होईल." माझ्या हातालाच यश नाही, की पुण्यात हे येतच नाही?

— हिरमुसलेली, कोथरूड

ता. क. हे म्हणतात हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यात भाजी वाढवायचं, किट घेऊ. घ्यावं का?

उत्तर

ताई,

ज्या गॅलरीत मिरच्या आणि पुदिना सुखाने नांदतात, तिथल्या हाताला यश नाही असं कोण म्हणेल? हात चांगलाच आहे, फक्त तो मेथीला सरावलेला आहे. खोल पेरायचं, उन्हात ठेवायचं, खताला हात आखडायचा नाही, हे सगळं मेथी गोड मानून घेते. लेट्यूस नाही घेत. तुमच्या पत्रात तक्रारी पुष्कळ आहेत, पण निम्म्याहून अधिक तक्रारींच्या मुळाशी ऊन आणि उकाडा आहे, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याचशा जास्त लाड केल्यामुळे आल्यात.

पुण्यात येतो का? येतो. पुण्याच्या आसपासचे शेतकरी हॉटेलांसाठी विदेशी भाजीपाला पिकवतात, त्यात लेट्यूस असतोच. पण हे थंडीचं पीक. दिवसा पंधरा ते बावीस-तेवीस अंशांत ते खूश असतं, तिशी ओलांडली की कुरकुरायला लागतं. अमेरिकेत लेट्यूसची शेती हजारो एकरांवर चालते. तिथेही उन्हाळाभर तो कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासच्या खोऱ्यात घेतात, कारण समुद्रावरून येणाऱ्या गार वाऱ्याने आणि धुक्याने ते खोरं थंड राहतं. हिवाळा आला की सगळा पसारा अ‍ॅरिझोनातल्या युमाकडे हलतो, कारण तिथलं वाळवंट तेवढ्याच महिन्यांत सुसह्य असतं. तुम्हाला गॅलरी काही हलवता येणार नाही. तारीख मात्र हातात आहे, आणि लेट्यूसच्या बाबतीत निम्मं काम तारीखच करते.

तुम्ही गणपतीनंतर पेरलंत, म्हणजे सप्टेंबरात. त्यानंतर आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा येतो आणि तो लेट्यूसचा शत्रू. पुण्यात पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. मुंबई-कोकणवाल्यांनी नोव्हेंबर संपता संपता पेरावं आणि डिसेंबरात आटपावं. महाबळेश्वर-पाचगणीकडच्यांची गोष्टच वेगळी, त्यांच्याशी आपण बरोबरी करायला जाऊ नये. आत्ता डिसेंबर लागलाय, तेव्हा तुमचा हंगाम गेलेला नाही. उलट खरा हंगाम आत्ताच सुरू झालाय.

आता तुमचं पहिलं पाकीट. कदाचित बी चांगलंच असेल. लेट्यूसच्या बीला दोन गोष्टींची खोड आहे, आणि तुम्ही नकळत दोन्ही केल्यात. पहिली म्हणजे गरम ओली माती. मातीचं तापमान अठ्ठावीस-तीस अंशांच्या वर गेलं की बी फुगतं पण उगवत नाही. तसंच गरम ओलीत पडून राहिलं तर त्याला अशी झोप लागते की पुढे हवा गार झाली तरी ते जागं होत नाही. पश्चिमेच्या गॅलरीतली काळी प्लास्टिकची कुंडी दुपारी चारला हात लावून बघा, मी काय म्हणते ते कळेल.

दुसरी खोड उजेडाची. हे बी बघितलंत ना, चपटं, टोकदार, जिऱ्यापेक्षाही बारीक. एका ग्रॅममध्ये साधारण आठशे ते हजार बसतात. एवढ्याशा बीत शिधा तो किती! पेरभर माती फोडून वर यायची ताकद त्याच्यात नसते. म्हणून निसर्गाने त्याला उजेड ओळखायला शिकवलंय: उजेड दिसला तर वर जागा आहे, उगव, अंधार असेल तर थांब. यावर अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात फार गाजलेलं संशोधन झालं. बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली दाखवून दिलं की भिजवलेल्या लेट्यूसच्या बीवर तांबडा प्रकाश टाकला तर ते उगवतं आणि लगेच त्यानंतर दूरचा तांबडा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश टाकला तर उगवायचं थांबतं. असं आलटून पालटून कितीही वेळा केलं तरी शेवटी जो प्रकाश पडला त्याचंच बी ऐकतं. झाडांमधलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य या धाग्यावरूनच हाती लागलं. त्या प्रयोगातला वाण होता ग्रँड रॅपिड्स, कुरळ्या हिरव्या पानांचा. आजच्या सगळ्याच वाणांना उजेड तितका सक्तीचा लागत नाही, पण खोल पेरलेलं कुणालाच चालत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला असं करा. बी ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून झाकणाच्या डबीत घाला आणि फ्रिजमध्ये भाज्यांच्या कप्प्यात दोन-तीन दिवस ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नाही. मग संध्याकाळी पेरा, सकाळी नाही. पेरल्यानंतरचे पहिले काही तास गार मिळाले तर बी सहसा दगा देत नाही. आइस्क्रीमचा रिकामा डबा बुडाला भोकं पाडून घ्या, त्यात धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं भरा. कोकोपीट न धुता वापरू नका, बऱ्याचदा त्यात खार असतो. आधी भिजवून घ्या, मग वर बी भुरभुरा आणि त्यावर चिमटीने इतकंच कोकोपीट टाका की मधूनमधून बी दिसत राहील. पाणी झारीने नको, बी वाहून एका कोपऱ्यात जातं. स्प्रेच्या बाटलीने द्या. कोथिंबिरीवर घालतो तसं ओलं गोणपाट मात्र वर टाकू नका, उजेड अडतो. डबा गार, उजेडाच्या सावलीत. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं दिसायला लागेल. सगळं पाकीट एकदम रिकामं करू नका. दर दोन आठवड्यांनी चिमूटभर पेरा, म्हणजे एकाच वेळी टोपलीभर आणि मग महिनाभर काही नाही असं होणार नाही. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये, कारण दमट गरम कपाटात त्याची उगवण फार लवकर उतरते.

दुसऱ्या पाकिटातली रोपं लांबली कारण त्यांना उजेड पुरला नाही. हॉलमध्ये खिडकीपासून दोन हात आत आपल्याला लख्ख वाटतं, रोपाला तो अंधारच. त्यात घरातली ऊब, म्हणजे वाढ जोरात आणि अंगात बळ नाही. कोंब दिसले त्याच दिवशी डबा गॅलरीत काढायचा, जिथे सकाळचा उजेड भरपूर आणि दुपारचं ऊन अडलेलं असेल.

आडवी पडली ती मात्र वेगळ्या कारणाने. बुडाशी चिमटल्यासारखी झाली म्हणताय, ही खूण अगदी बरोबर पकडलीत. हे रोपं कोलमडणं. ओलसर मातीतली बुरशी जमिनीलगतचा देठ कुजवते आणि रात्रीत रोप लोळतं. दाट पेरणी, सतत ओलं कोकोपीट, कोंडलेली हवा हे तिचं माहेर. कोकोपीट फसवं असतं. वरचा थर कोरडा, फिकट दिसतो म्हणून आपण पाणी घालतो आणि खाली चिखल झालेला असतो. डबा उचलून वजन बघायची सवय लावा, बोटापेक्षा ती खरं सांगते. पेरणीच्या मिश्रणात थोडा ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला आवर घालणारी उपकारक बुरशी, मिसळलात तर चांगलं. एकदा रोपं लोळायला लागली की मग औषध शोधण्यात अर्थ नाही, डबा रिकामा करा, धुवा, पुन्हा पेरा. बी स्वस्त आहे. आणि दाट उगवलं तर जास्तीची रोपं उपटू नका, कात्रीने बुडातून कापा, म्हणजे शेजारणीची मुळं हलत नाहीत. कापलेली पोह्यांवर घाला.

चार-पाच पानं आली की, साधारण तीन-चार आठवड्यांनी, संध्याकाळी मोठ्या कुंडीत हलवा. टोमॅटोचं लांबलेलं रोप आपण गळ्यापर्यंत पुरतो आणि ते देठालाही मुळं फोडतं. लेट्यूसला तसं जमत नाही. मधला कोंब मातीत गेला की कुजतो. पहिल्या दोन पानांच्या पातळीपर्यंत, त्याहून वर माती नको. मुळं उथळ जातात, म्हणून सहा-आठ इंच खोलीचा पसरट क्रेटसुद्धा पुरतो. रोपात वीतभर अंतर ठेवा. मोठी खोल कुंडी त्याच्यासाठी अडकवून ठेवू नका, ती वांग्याला द्या.

आता नर्सरीतल्या रोपांकडे येते. बहुतेक जण तिथे सगळ्यात उंच, भरलेलं रोप निवडतात. लेट्यूसमध्ये ते सगळ्यात वाईट. ते पिशवीत जास्त दिवस अडकून म्हातारं झालेलं असतं. पिशवी उलटी करून बघा, मुळांनी बुडाशी गोल वेढे घातले असतील तर ठेवून द्या. बुटकं, चार पानांचं, मधला देठ दिसतसुद्धा नाही असं घ्या. तुमची जी दोन रोपं उंच चाललीत ती मला वाटतं अशीच म्हातारी आलेली होती, आणि वर पश्चिमेची भिंत तापलेली. कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात तसाच हा प्रकार. थंडीत वाढून उन्हाळ्याआधी फुलायचं हे त्याचं वेळापत्रक. उष्णता, लांब दिवस, पाण्याची ओढाताण यांनी ते अलीकडे येतं. डेंगळा निघाला की तो खुडून काही उपयोग होत नाही, रोप पुन्हा पानांकडे वळत नाही.

कडूपणाही त्यातूनच. उंच चाललेल्या रोपाचा देठ ब्लेडने आडवा कापा. क्षणभरात कापाच्या कडेने पांढऱ्या दुधाचे थेंब गोल उभे राहतात, बोटाला चिकटतात आणि थोड्या वेळाने तांबूस-तपकिरी होतात. कडूपणा या चिकात असतो, लॅक्टुसिन आणि लॅक्टुकोपिक्रिन या द्रव्यांचा. झाड फुलावर यायला निघालं, तापलं किंवा तहानलं की चीक वाढतो. म्हणून पानं नेहमी सकाळी, रात्रीच्या गारव्याने टवटवीत असताना काढायची, लगेच गार पाण्यात टाकायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. किंचित कडू असतील तर एवढ्याने भागतं. जहर झालेली पानं मात्र सॅलडमध्ये घालून लेकीला लेट्यूसची कायमची नावड लावू नका. लसूण-मिरचीच्या फोडणीवर मूगडाळ घालून परता, भाजी चांगली होते.

बाहेरची पानं वेळच्या वेळी काढत राहिलात तर रोप बरेच दिवस देतं. सुट्या पानांचा लेट्यूस लावणीनंतर महिन्या-सव्वा महिन्यात खुडायला येतो. खालची बाहेरची तीन-चार पानं काढायची, मधला गाभा सोडायचा, आठवड्याने पुन्हा. आपण 'अजून जरा मोठा होऊ दे' म्हणत थांबतो ना, त्यातच तो हातचा जातो.

कडा जळतायत त्याचं तुम्ही औषध केलंत, पण ते चुकीच्या दाराशी ठेवलंत. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होणं हे कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण, हे खरं. म्हणूनच कुणीतरी टरफलं सुचवली असणार. पण कुंडीच्या मातीत कॅल्शियम सहसा कमी नसतो, तो पानापर्यंत पोचत नाही. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबर वर चढतो आणि जिथून पाणी वाफ होऊन उडतं तिथे जातो. बाहेरची मोठी पानं भराभर पाणी उडवतात, त्यांना मिळतो. आतली पानं एकमेकांत मिटलेली, तिथे हवा खेळत नाही, वाफ होत नाही, त्यांच्या वाट्याला काही येत नाही. जुन्या पानात एकदा साठलेला कॅल्शियम नव्या पानाकडे परत जातही नाही. आता यात तुम्ही दर आठवड्याला युरिया घालताय. युरियाने पानं धावत सुटतात, पेशी भराभर वाढतात आणि त्यांच्या भिंती बांधायला लागणारा कॅल्शियम मागेच राहतो. टरफलं विरघळून उपयोगी पडायला महिने लागतात, तोवर तुमचा लेट्यूस फुलून जाईल.

तेव्हा काकांना नमस्कार सांगा आणि युरिया बंद करा. लावताना मातीत मूठभर गांडूळखत मिसळलंत आणि तीन आठवड्यांनी वरून अजून थोडं पसरलंत की लेट्यूसचं जेवण झालं. पाणी रोज थोडं, शक्यतो सकाळी, आणि नेम मोडू नका. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी पूर यानेच कडा सगळ्यात जास्त जळतात. शनिवार-रविवार गावाला जाताना शेजारणीला किल्ली द्या. जळलेल्या कडा कात्रीने काढून उरलेलं पान खाल्लं तरी चालतं, तो रोग नव्हे.

जीवामृताबद्दल मात्र जरा कडक बोलते. जीवामृतात ताजं शेण आणि गोमूत्र असतं. जे पान आपण न शिजवता तोंडात घालणार त्यावर ते फवारायचं नाही. मेथी कढईत जाते, हा पाला तसाच ताटात येतो. आणि हे काही उगाच सोवळं नाही. 2018 च्या वसंतात युमा भागातला रोमेन लेट्यूस खाऊन अमेरिकेत ई. कोलाय जीवाणूच्या एका घातक प्रकाराने 210 जण आजारी पडले आणि 5 जण दगावले. तपासात तोच जीवाणू तिथल्या सिंचनाच्या कालव्याच्या पाण्यात सापडला. ज्यांच्याकडे मोठमोठ्या प्रयोगशाळा आहेत त्यांच्याकडे हे झालं. घालायचंच असेल तर रोपं लावायच्या आधी मातीत घाला, पिकल्या शेणखतासारखं. एकदा पानं धरली की नाही. आणि काढलेली पानं नळाखाली एकेक करून धुवा, विशेषतः देठाजवळचा खोलगट भाग, तिथे माती दडते.

मावाही बराचसा युरियाचाच पाहुणा आहे. लुसलुशीत, रसरशीत पान त्याला आवडतं. युरिया थांबला की तो आपोआप उतरेल असं नाही, पण त्याची भरभराट थांबेल. कुंडी आडवी धरून पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाण्याचा फवारा मारा, तीन-चार दिवस लागोपाठ. मावा एकदा पडला की सहसा परत चढत नाही. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, कारण माव्याच्या गोड चिकटीसाठी त्या त्याची राखण करतात. ठिपक्यांचा लाल ढालकिडा दिसला तर त्याला हात लावू नका, तो आणि त्याची काटेरी दिसणारी अळी दोघंही मावा खातात. कडुनिंबाचं तेल मी लेट्यूसवर सुचवत नाही. मरेल मावा, पण पान दोनदा धुतलं तरी कडवट वास राहतो, आणि तुमच्याकडे कडूपणा आधीच शिल्लक आहे. चौथ्या मजल्यावर गोगलगायीचा त्रास सहसा नसतो. तळमजल्यावर लावणाऱ्यांनी मात्र रात्री टॉर्च घेऊन हिंडावं. ओलं गोणपाट कुंडीशेजारी टाकून ठेवलं की सकाळी शंखी आणि शेंबी दोन्ही त्याखाली सापडतात.

आइसबर्गला माझा सरळ सल्ला: सोडून द्या. कोबीसारखा गड्डा धरायला त्याला दीर्घ, सलग थंडी लागते आणि सत्तर-ऐंशी दिवस लागतात. तेवढ्यात आपल्या गॅलरीतली थंडी संपते. बर्गरमधला करकरीत गड्डा डोळ्यांपुढे ठेवून पहिल्यांदा लेट्यूस लावणारे बहुतेक लोक इथेच हिरमुसतात, आणि चवीला तो सगळ्यांत मचूळ, हे माझं मत. आहेत त्या रोपांची सुटी पानंच खुडून खा. नव्याने पेरताना सुट्या पानांचे वाण घ्या: ग्रँड रॅपिड्स, ओकलीफ, लोलो रोसो. बटाविया गटातले वाण उन्हाला जरा जास्त टिकतात. करकरीतपणा हवाच असेल तर रोमेन, त्याची पानं उभी, लांबट आणि मधली शीर कुरकुरीत असते. लाल लेट्यूस हिरवट पडला कारण त्याचा लाल रंग थंडी आणि चांगला उजेड दोन्ही मिळाले तरच चढतो. जानेवारीच्या गार रात्री येऊ द्यात, नवी पानं गडद निघतील.

पश्चिमेची गॅलरी ही तुमची खरी अडचण. डिसेंबरात सूर्य खाली उतरलेला असतो, त्यामुळे दुपारनंतरचं तिरपं ऊन थेट आत शिरतं आणि भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट रेलिंगला बांधा, दुपारी बारानंतर खाली सोडायची. कुंड्या भिंतीपासून लांब, जमिनीवर, आणि मिरच्यांच्या सावलीत. मिरचीला ऊन हवं, लेट्यूसला आडोसा, दोघींचं छान जमेल. पूर्वेला स्वयंपाकघराची खिडकी आणि तिला ग्रिल असेल तर लेट्यूस तिथेच हलवा आणि शेडनेटचे पैसे वाचवा.

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. बार्शीकडच्या बाईला शाळूच्या रानातली पाथरी विचारा. भाकरीवर कच्चीच ठेवून, ठेच्याबरोबर खाल्लेली असेल त्यांनी. तीही सूर्यफुलाच्या कुळातली, आणि त्या मोठ्या कुळातही लेट्यूसच्या अगदी जवळच्या भावकीतली. तसंच दूध, तसाच कडवटपणा, तशीच छोटी पिवळी फुलं. पाथरी कधी कोवळी खुडायची आणि कधी ती हाताबाहेर जाते हे त्यांना पाठ असणार. तुमच्या लेट्यूसची पानं खुडायचं काम त्यांच्याकडे द्या. आणि उन्हाळ्यात त्यांचंच ऐका, फेब्रुवारीनंतर लेट्यूसचा नाद सोडून माठ, राजगिरा, अंबाडी लावा. मेथीसुद्धा तेव्हा कुरकुरते.

पुढल्या वर्षीचं बी घरीच धरता येईल. लेट्यूस स्वतःच्याच परागावर बी धरतो, त्यामुळे आईसारखंच लेकरू निघतं. फक्त आत्ता उंच चाललेल्या त्या दोन रोपांचं बी ठेवू नका. सगळ्यांत आधी डेंगळा काढणाऱ्याचं बी ठेवलंत तर दरवर्षी अधिकच घाईची रोपं मिळतील. जे रोप सगळ्यांत शेवटी फुलेल त्याला राखा. फुलल्यावर दोन-तीन आठवड्यांत बोंडावर पांढरा कापूस दिसायला लागतो, तेव्हा कागदी पिशवी अडकवून ठेवा, नाहीतर वाऱ्याने सगळं शेजाऱ्यांकडे.

राहिली तुमची ता. क. यंदा किट नको. त्या पाण्याचं तापमान पंचवीसच्या वर गेलं की मुळं कुजायला लागतात, आणि पश्चिमेच्या गॅलरीत ते जाणारच. वर पंप, वीज, खताचं द्रावण मोजायचं यंत्र, एवढ्या पैशांत कितीतरी हिवाळे पुरेल इतकं बी येईल. यजमानांची हौस मात्र मोडू नका. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्राट्की यांनी रूढ केलेली एक बिनपंपाची रीत आहे. एका रोपाला चार लिटरचा झाकणाचा डबा घ्यायचा, झाकणाला भोक पाडून जाळीचा पेला बसवायचा, डबा पाण्यात विरघळणाऱ्या संपूर्ण खताच्या पातळ द्रावणाने भरायचा, पेल्याचं बूड जेमतेम बुडेल इतका. रोप पाणी पितं, पातळी उतरत जाते आणि वरच्या मोकळ्या झालेल्या मुळांना हवा मिळते. म्हणून मधे पुन्हा काठोकाठ भरायचा मोह आवरायचा, नाहीतर हवेला सरावलेली मुळं गुदमरतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत असा एक डबा त्यांना लावून द्या. डबा पारदर्शक असेल तर बाहेरून जुनं जाड कापड गुंडाळा, उजेड लागला की आत शेवाळ धरतं.

— मावशी